पेडण्याचा बोगदा : डोंगराच्या पोटातला इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांची भूगोल शिकवण्याची रीत जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना सड्यावर न्यायचे, पायाखालचा दगड हातात घ्यायला लावायचा आणि मग पुस्तक उघडायचे. मीही आयुष्यभर भूगोलच शिकवला. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना दूरचा देश शोधण्याऐवजी आपल्या पायाखालचाच एक रस्ता निवडला. तो रस्ता म्हणजे कोकण रेल्वेवरचा पेडण्याचा बोगदा.

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मडुरे स्थानक सोडल्यावर हा बोगदा अनेकदा पार केला असेल. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. गाडी एक-दोन मिनिटांत पलीकडे येते, डब्यातले दिवे लागतात, खिडकीतून दमट वारा येतो, आणि कोणी तरी म्हणते, "आले पेडणे!" एवढ्या वेळात ज्याचा विचारही मनात येऊ नये, असा हा बोगदा खणायला सुमारे सहा वर्षे लागली. मुंबई ते मंगळूर अशी सलग रेल्वे सुरू होण्याच्या मार्गातला तो शेवटचा अडथळा होता. तो का अडला, कोणी तो पुरा केला, आणि तो खरोखर पुरा झाला आहे का, या तीन प्रश्नांभोवती मला आज बोलायचे आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. गोव्यात रेल्वे आली ती फार पूर्वी. इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ साली झालेल्या करारातून मुरगाव बंदराला ब्रिटिश हिंदुस्थानाशी जोडणारा मार्ग ठरला आणि १८८८ पर्यंत मुरगाव ते कॅसलरॉक अशी मीटरगेज गाडी धावू लागली. ती साष्टी-मुरगावातून निघून सह्याद्री चढत पूर्वेकडे गेली. उत्तरेकडच्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना तिचा स्पर्श झाला नाही. आपले हे तालुके नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. सत्ता बदलली तरी आपले जाणे-येणे, सोयरीक आणि बाजारहाट सावंतवाडी-बेळगावकडेच राहिला. मुंबईला जायचे तर आधी पणजीची आगबोट, नंतरच्या काळात रात्रभराची बस. रेल्वे ही आपल्याकडे गोष्टीत ऐकण्याची वस्तू होती.

कोकणात रेल्वे व्हावी ही मागणी मात्र जुनी आहे. अ. बा. वालावलकर यांनी त्या मार्गाचा ध्यास घेतला. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत तिचा पाठपुरावा केला, आणि त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून निवडून गेलेले मधु दंडवते यांनी तो वसा पुढे चालवला. पश्चिम किनाऱ्याची रेल्वे रोह्यापर्यंत आली ती १९८६ साली. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, आणि उरलेली बरीचशी रक्कम रोख्यांतून उभारायची, अशी ही योजना होती. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून आले ई. श्रीधरन. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हे सुमारे ७४० किलोमीटरचे अंतर, ९० हून अधिक बोगदे, त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटरांवर, आणि लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल. हे सर्व पाच वर्षांत पुरे करण्याचा संकल्प होता.

गोव्यात या कामाला आधी अडवले ते माणसांनी, आणि ते निष्कारण नव्हते. किनारपट्टीच्या तालुक्यांतून जाणारा मार्ग खाजन शेतांवर भराव घालील, पाण्याचे नैसर्गिक वाट अडवील आणि दाट वस्तीच्या गावांना चिरून जाईल, अशी भीती अनेकांना वाटत होती. मार्ग पूर्वेकडे, अंतर्भागातून न्यावा अशी त्यांची मागणी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १९९२ साली याचिका फेटाळली गेली, तरी आंदोलन थांबले नाही. १९९३ मध्ये केंद्र सरकारने गोव्यातील वादग्रस्त टप्प्यावरचे काम स्थगित करून सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती गो. ला. ओझा यांचा आयोग नेमला. आयोगाने मूळ मार्गाच्या बाजूने कौल दिला आणि काम पुन्हा सुरू झाले. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते. डिचोलीकरांच्या दृष्टीने पाहिले तर, मार्ग पूर्वेकडे सरकला असता तर कदाचित त्यांना गाडीसाठी थिवीपर्यंत जावे लागले नसते. पण माणसांचा वाद आयोगापुढे मिटवता येतो. पेडण्यात जो वाद उभा राहिला तो डोंगराशी होता, आणि डोंगर आयोग मानत नाही.

आता विद्यार्थी मित्रांनी लक्ष द्यावे, कारण हा भाग त्यांच्या अभ्यासक्रमातला आहे. आपल्या घराच्या भिंती ज्या चिऱ्यांच्या आहेत त्या दगडाला जांभा म्हणतात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारातल्या प्रवासात तो पाहिला आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लक्षावधी वर्षे असा पाऊस झेलता झेलता मूळ खडकातली वाळूची द्रव्ये धुऊन जातात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरते, आणि वर कठीण, तांबडे, छिद्राछिद्रांचे कवच तयार होते. तोच आपला सडा. या कवचाखाली काय असते हे मात्र सड्यावर उभे राहून दिसत नाही. तिथे पांढरट-पिवळसर, साबणासारखी बुळबुळीत चिकणमाती असते. भूशास्त्रज्ञ तिला लिथोमार्ज म्हणतात. त्याही खाली मूळ खडक.

पावसाचे पाणी वरच्या कवचातून स्पंजातून जावे तसे झिरपते, चिकणमातीशी येऊन अडते आणि तिच्या अंगाने सरकत डोंगराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या वाड्यावाड्यांतल्या झऱ्या, कुळागरे, खालची वायंगणाची शेती ही सारी त्या अदृश्य साठ्यावर जगतात. म्हणजे जांभ्याचा डोंगर हा वरून कोरडा दिसणारा पाण्याचा हंडाच आहे. त्याच्या बुडाशी भोक पाडले तर काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

जुन्या लोकांना हे कळत होते. डिचोली तालुक्यातल्या हरवळ्याच्या गुहा आपण सहलीला जाऊन पाहिल्या आहेत. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास त्या जांभ्यातच कोरल्या गेल्या. कोरणाऱ्यांनी वरच्या टणक थराचा आश्रय घेतला आणि ते फार आत शिरले नाहीत. म्हणून त्या आजही उभ्या आहेत. आमच्या बाजूला विहिरी खणणारी माणसे ऐन वैशाखात, पाणी सर्वांत खाली गेलेले असताना काम काढीत, आणि पांढरी माती लागली की बांधकाम हाती घेतल्याशिवाय पुढे खणत नसत. उलट डिचोलीच्या लोहखनिज खाणींनी डोंगराचा उभा छेदच आपल्यासमोर मांडला. वर तांबडे कवच, खाली मऊ माती, आणि खड्डा खोल जाताच दिवसरात्र चालणारे पंप. शिरगावच्या विहिरी आणि शेते खाणींतील पाणी उपशाने कोरडी पडल्याची तक्रार तर उच्च न्यायालयापर्यंत गेली. जे डिचोलीत उघड्यावर घडले, तेच पेडण्यात अंधारात घडत होते.

कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळ करबुडे येथे आहे. त्याची लांबी साडेसहा किलोमीटर, म्हणजे पेडण्याच्या चौपटीहून अधिक. तरीही तो आधी पुरा झाला, कारण तो खडकातून गेला. खडकात भोके पाडायची, सुरुंग ठासायचा, उडवायचा, राडारोडा बाहेर काढायचा, आणि पुढे जायचे. त्यासाठी स्वीडनहून हायड्रॉलिक यंत्रे आणली होती. खडकाचे छत बराच काळ स्वतःच्या बळावर उभे राहते. मऊ मातीत तसे नसते. पाण्याने तुडुंब भिजलेली चिकणमाती मोकळी झाली की काही मिनिटांतच ओघळू लागते. सुरुंग तिथे निरुपयोगी, आणि अवजड यंत्र हे उलट ओझे. मग काम उरते ते माणसाच्या हाताचे. समोरच्या तोंडाचा लहानसा तुकडा कुदळीने मोकळा करायचा, वर लोखंडी कांबी पुढे ठोकायच्या, पोलादी कमान उभी करायची, सिमेंटचा थर मारायचा, पाण्याला वाट काढून द्यायची, आणि मगच पुढचा तुकडा. घमेल्याघमेल्याने डोंगर बाहेर येतो. रात्री उभी केलेली कमान सकाळी मातीखाली गडप झालेली, आणि आठवड्याचे काम पुन्हा पहिल्यापासून, असा अनुभव या मार्गावरच्या मऊ मातीच्या नऊ बोगद्यांनी दिला. त्यांतला सर्वांत हट्टी बोगदा पेडण्याचा.

१९९६ च्या अखेरीस उत्तरेकडून गाडी सावंतवाडीपर्यंत पोहोचली. दक्षिणेकडचा मार्गही पेडण्याकडे सरकत आला. मध्ये उरले ते सावंतवाडी-पेडणे हे अंतर. आत पाणी, ढासळणारी माती, आणि वर नवा पावसाळा. सारा देश या चिमुकल्या तालुक्याच्या डोंगराकडे डोळे लावून बसला होता. अखेर जानेवारी १९९८ मध्ये बोगदा पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झाली. १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी रत्नागिरीत हा मार्ग राष्ट्राला अर्पण केला.

मित्रहो, इथपर्यंतचा इतिहास वर्तमानपत्रांतून सापडतो. यापुढचा फारसा सांगितला जात नाही. या रेल्वेच्या उभारणीत एकूण ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील १९ जण मऊ मातीच्या बोगद्यांत गेले. रत्नागिरी स्थानकाजवळ त्यांच्यासाठी श्रमशक्ती स्मारक उभे आहे, आणि ते योग्यच आहे. पण मी आपल्याला विचारतो, आपल्यापैकी किती जणांना त्यांच्यातले एक तरी नाव सांगता येईल? श्रीधरन यांचे नाव आपण घेतो आणि घ्यायलाच हवे. दंडवते, फर्नांडिस यांची नावे मुलांच्या निबंधांत येतात. घमेले उचलणाऱ्याचे नाव मात्र निबंधात नसते. त्यांतले पुष्कळसे दूरच्या प्रांतांतून आलेले मजूर होते. आपली भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आपल्याला कळत नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्या झोपड्या होत्या. आठवड्याच्या बाजारात ते येत, मीठ-मिरची घेत आणि निघून जात. सहा वर्षे ते आपले शेजारी होते. काम संपल्यावर ते पुढच्या कामावर गेले, आणि आपल्या स्मरणातूनही गेले.

ते कुठे गेले असतील, हा प्रश्न मनात आला म्हणून मी या विषयाचा धागा पुढे नेऊन पाहिला. तो मला मोठ्या शहरांच्या भुयारी रेल्वेपर्यंत घेऊन गेला. जमिनीखालून जाण्याच्या विद्येचा आरंभच मुळी पाण्याशी झालेल्या झगड्यातून झाला आहे. लंडनमध्ये टेम्स नदीखालचा बोगदा मार्क ब्रुनेल यांनी १८२५ साली हाती घेतला. लांबी सुमारे ४०० मीटर, आणि तो खुला झाला १८४३ साली, अठरा वर्षांनी. नदी अनेकदा आत घुसली. १८२८ च्या जानेवारीत सहा कामगार बुडाले आणि ब्रुनेल यांचा पुत्र थोडक्यात वाचला. पादचाऱ्यांसाठी खुल्या झालेल्या त्या बोगद्यातून पुढे रेल्वे गेली आणि आजही जाते. हे आठवले की पेडण्याची सहा वर्षे ही कोणाच्या अकर्तृत्वाची खूण वाटत नाही. ओल्या मातीची गती तीच आहे, टेम्सकाठी असो वा मालपे गावात.

आपल्या देशात भुयारी रेल्वे पहिल्यांदा धावली ती कोलकात्यात, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी. तिच्या आखणीच्या आरंभकाळात, १९७० नंतरच्या काही वर्षांत, श्रीधरन यांनी काम केले होते. पेडण्याचा बोगदा अखेरच्या टप्प्यात असताना, नोव्हेंबर १९९७ मध्ये, त्यांची दिल्ली मेट्रोच्या व्यवस्थापकीय संचालकपदी नियुक्ती झाली. तिचा पहिला टप्पा २५ डिसेंबर २००२ रोजी आणि पहिला भुयारी टप्पा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. दिल्लीच्या मेट्रोचे यश सारे जग वाखाणते. वेळेचे भान, निर्णयाचे स्वातंत्र्य, कामावरच्या माणसाला अधिकार देण्याची रीत या गोष्टी तिच्यासंबंधी नेहमी सांगितल्या जातात. या रीतीची परीक्षा आधी कोकणच्या दऱ्याखोऱ्यांत झाली आणि तिचा सर्वांत कठीण पेपर पेडण्यात होता, असे मला वाटते. दिल्लीत भुयारी गाडीतून प्रवास करणाऱ्याला पेडणे हे नाव माहीत नसते. आपल्याला तरी असावे.

आता माझा तिसरा प्रश्न. बोगदा खरोखर पुरा झाला आहे का? ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे, भर पावसात, पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा सुमारे पाच मीटरांचा भाग कोसळला. सुदैवाने गाडी आत नव्हती. त्यानंतर काही आठवडे गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा अशा वळणाने मडगावला आणाव्या लागल्या. जुलै २०२१ मध्ये जुने गोवे येथील बोगद्यात चिखल-पाणी शिरले. ९ जुलै २०२४ रोजी पुन्हा पेडण्याच्या बोगद्यात पाण्याचे लोंढे आले आणि कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या. सव्वीस वर्षांनंतरही डोंगर आपला हक्क विसरलेला नाही. मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक असेल. तिथली पहिली भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. मे २०२५ मध्ये तिच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात, स्थानक खुले होऊन पंधरवडा-तीन आठवडे होतात न होतात तोच, पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी शिरले. तंत्र बदलले, यंत्रे बदलली, पाणी तेच आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की बोगदा ही एकदा बांधून उद्घाटन करून टाकण्याची वस्तू नाही. तो पाण्याशी केलेला करार आहे आणि त्याचे नूतनीकरण दर पावसाळ्यात करावे लागते. रात्री कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून पायी फिरणारा गस्तवाला तो करार पाळत असतो. आपणही तो पाळायला हवा. डोंगराच्या माथ्यावर आपण काय बांधतो, उतार किती कापतो, झरीचे तोंड कोठे बुजवतो, याचा परिणाम खालच्या बोगद्यावर आणि खालच्या विहिरीवर सारखाच होतो. ज्या पेडण्यात १९९८ पर्यंत आगगाडी नव्हती, त्या पेडण्यात मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. प्रगती आली, ती यावी अशी आपलीच इच्छा होती. मी तिच्या विरोधात उभा नाही. गाडी आली म्हणून आपल्या मुली मडगावला शिकायला जाऊ शकल्या, मुंबईच्या चाकरमान्याला चतुर्थीला घरी पोहोचता आले. पण ज्या सड्यावर आपण हे सारे मांडतो आहोत, त्याच्या पोटात काय आहे, हे प्रत्येक पेडणेकराला आणि डिचोलीकराला शाळेतच कळले पाहिजे.

या शाळेपुढे मी दोन कामे ठेवू इच्छितो. पहिले काम विद्यार्थ्यांचे. आपापल्या वाड्यावरच्या विहिरी आणि झऱ्या यांची नोंदवही करावी. दर महिन्याला दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते लिहावे आणि ही वही वर्गाकडून वर्गाकडे पुढे जावी. दहा वर्षांत ती अशी कागदपत्रे होतील की ज्यांच्याकडे अभियंत्यालाही पाहावे लागेल. दुसरे काम माजी विद्यार्थ्यांचे. त्या सहा वर्षांत बोगद्यावर मुकादमी केलेली, ट्रक हाकलेली, मजुरांना चहा-भाकरी विकलेली माणसे आज साठी-सत्तरीची आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. त्यात एखाद्या परप्रांतीय मजुराचे नाव निघाले, गाव निघाले, तर ते जपून ठेवावे. अशी नावे मिळाली, तर पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत ती छापली जावीत, अशी माझी व्यवस्थापन मंडळाला नम्र विनंती आहे. इतिहास राजधानीतच घडतो असा समज शाळेच्या पुस्तकांनी नकळत करून दिला आहे. तो आपल्या डोंगराच्या पोटातही घडला आहे, आणि तो लिहायला बाहेरून कोणी येणार नाही.